कंदाच्या पोटातली साखर

साबुदाण्याची पेज इतकी घट्ट शिजवली की डाव मधोमध सोडला तरी उभा राहत होता. पातेलं खाली उतरवलं, दुधाचा थर्मामीटर बुडवला आणि तो ६२ अंशांवर येईपर्यंत थांबलो. मग मोड आणून सावलीत वाळवलेल्या, न भाजलेल्या नाचणीचं पीठ दोन चमचे घालून ढवळलं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला डाव कलला. दहाव्या मिनिटाला पातेलं तिरपं केलं तर पेजेची धार लागली. वरून पाण्याचा थेंबही घातला नव्हता. पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून दोन तास ठेवलं आणि चाखून पाहिलं. पेज गोड झाली होती. साखरेसारखी चढी गोडी नव्हती, कोवळ्या हुरड्याला असते तशी मंद, जिभेवर जरा उशिरा पोचणारी.

शेजारी दुसरं पातेलं होतं. तीच पेज, तेवढंच नाचणीचं पीठ, फक्त ते आधी पाण्यात खळखळून उकळून घेतलेलं. ती पेज तशीच गोळा होऊन बसली. दोन्हींतली चमचाभर पेज बशीत काढून पाण्याने सैल केली आणि औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा एकेक थेंब टाकला. उकळलेल्या पिठाची पेज शाईसारखी निळीकाळी झाली. गोड झालेली पेज तांबूस रंगावर थांबली. आयोडीनने स्टार्च निळा होतो हे शाळेत शिकलो होतो. स्टार्च नाहीसा होताना मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

यात नवं काहीच नाही. नाचणीला मोड आणून तिचं सत्त्व करायचं आणि बाळाच्या खिरीत घालायचं, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. बाळाचं पोट लहान. घट्ट पेज त्याला गिळवत नाही आणि पाणी घालून पातळ केलेल्या पेजेत अन्न थोडं. मोडाच्या पिठाने पेज पाणी न घालता पातळ होते, म्हणजे त्याच चमच्यात जास्त अन्न जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात याच गोष्टीवर बालपोषणाच्या अंगाने काम केलं. आपल्या आज्यांचा हा व्यवहार त्या कामामुळे पोषणशास्त्राच्या भाषेत आला. सत्त्व खमंग भाजलं की मात्र हा गुण जातो, कारण तो ज्या द्रव्याचा आहे ते द्रव्य उष्णतेने मोडतं. त्या द्रव्याला आपण विकर म्हणतो, बोलताना एंझाइम.

या लेखाचा विषय तेच एंझाइम आहे, आणि कंद. रताळं, कसावा, बटाटा, सुरण, कणगर ही सगळी जमिनीखालची कोठारं. त्यांत साखर भरलेली असते, पण कुलूपबंद. ती मोकळी कशी करायची हा प्रश्न माणसाने लाळेपासून पेट्रोलपंपापर्यंत सोडवत आणला आहे.

स्टार्च ही ग्लुकोजच्या मण्यांची माळ आहे. हजारो मणी एकामागोमाग गुंफलेले. काही माळा सरळ, त्यांना अमायलोज म्हणतात. बहुतेक फांद्या फुटलेल्या, त्या अमायलोपेक्टिन. वनस्पती साखर अशी गुंफून ठेवते याला कारण आहे. सुटी साखर पेशीतल्या पाण्यात विरघळते आणि बाहेरचं पाणी आत ओढते. गुंफलेली साखर विरघळत नाही, घट्ट कणांच्या रूपात निमूट पडून राहते. उन्हाळा काढायचा, पुढचा पाऊस येईपर्यंत तग धरायचा, तर साठवण अशीच हवी. अडचण यीस्टची होते. दारू, व्हिनेगर, इथेनॉल, काहीही आंबवायचं तर यीस्टला सुटे मणी हवेत, फार तर दोन-दोनच्या जोड्या. अख्खी माळ त्याला खाता येत नाही. द्राक्षाचा किंवा उसाचा रस ठेवला की आपोआप आंबतो. कच्च्या कंदाचा कीस ठेवला तर नुसता कुजतो.

माळ तोडणारी एंझाइमं वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात, आणि ती पद्धत माझ्या पातेल्यात दिसली होती. अल्फा-अमायलेज माळेवर मधेच कुठेही घाव घालतं. लांब माळांचे तुकडे झाले की गुंता सुटतो, म्हणून पेज आधी पातळ होते आणि गोडी नंतर येते. बीटा-अमायलेज टोकाकडून दोन-दोन मणी काढतं. त्या जोडीचं नाव माल्टोज. ग्लुकोअमायलेज टोकाकडून एकेक मणी सोडवतं, जपमाळ ओढावी तसं, आणि हाती निव्वळ ग्लुकोज येतं. प्रत्येक घावाला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो आणि तो तुटलेल्या टोकांना जोडला जातो. म्हणून १०० किलो स्टार्च पुरता तुटला की १११ किलो ग्लुकोज होतं. वरचे ११ किलो म्हणजे पाणीच.

एंझाइमची तुलना लोक विरजणाशी करतात. ती अर्धीच जुळते. दूध कोमट झाल्याशिवाय आपण विरजण लावत नाही, तसंच एंझाइमही उकळत्या पेजेत घालायचं नसतं. पण विरजण जिवंत असतं, दुधात वाढतं. एंझाइम हे प्रथिन आहे, ते वाढत नाही. एक माळ तोडली की सुटून पुढच्या माळेकडे जातं, म्हणून थोडंसंच पुष्कळांना पुरतं.

ही गोष्ट माणसाच्या लक्षात आली तीही साखरेच्या टंचाईतून. नेपोलियनच्या काळात युरोपची नाकेबंदी झाली आणि वेस्ट इंडिजची साखर येईनाशी झाली. सेंट पीटर्सबर्गला किर्चहॉफ या रसायनतज्ज्ञाने १८११मध्ये स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळला आणि गोड पाक मिळवला. पुढची शंभर-दीडशे वर्षं कारखाने मोठ्या प्रमाणावर याच वाटेने चालले. आम्ल मात्र धसमुसळं असतं. ते माळ तोडतं आणि सुट्या झालेल्या साखरेलाही जाळतं. पाक तपकिरी होतो, कडवट होतो, शिवाय आम्ल मारायला घातलेल्या क्षाराचं मीठ त्यात उरतं. १८३३मध्ये पॅरिसला आन्सेल्म पायेन आणि जाँ-फ्रान्स्वा पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूच्या पाण्यात अल्कोहोल ओतून एक पांढरा साका खाली बसवला. तो आपल्या वजनाच्या दोन हजार पट स्टार्चची साखर करू शकतो असं त्यांनी नोंदवलं आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. वेगळं काढलेलं हे पहिलं एंझाइम. अमायलेज, लायपेज, प्रोटिएज या नावांचं शेपूट तिथूनच आलेलं आहे. हा पायेन तरुणपणी बीटच्या साखरेच्या कारखान्याचा कारभार पाहत होता. साखरेच्या धंद्यातल्या माणसालाच हे सापडावं, यात मला नवल वाटत नाही.

पायेनच्या आधी हजारो वर्षं हेच काम तोंडाने होत होतं. सोळाव्या शतकात ब्राझीलच्या किनाऱ्यावर गेलेल्या हान्स श्टाडेन आणि जाँ द लेरी या दोघांनी तुपिनांबा लोकांची कसाव्याची दारू वर्णन केली आहे. बायका कंद उकडायच्या, मऊ घास चावून भांड्यात परत टाकायच्या, ते पुन्हा उकळायच्या आणि मडक्यांत आंबायला ठेवायच्या. युरोपी वाचकाला यात किळस दिसली. खरं तर ती तंत्रविद्या होती. माणसाच्या लाळेत अमायलेज असतं. सातू नसलेल्या लोकांनी जवळ होतं ते एंझाइम वापरलं. भाकरीचा घास मिनिटभर चावत राहा, तोंडात गोडसर चव येईल. ती याच एंझाइमची.

तिसरी वाट बुरशीची, आणि ती पाहायची तर जपानच्या दक्षिण टोकाला, कागोशिमाला जावं लागतं. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची. स्थानिक लोक तिला शिरासू म्हणतात. पाणी तिच्यात ठरत नाही, त्यामुळे भातखाचरं होत नाहीत. रताळं चीनमधून १६०५मध्ये ओकिनावाला आलं आणि १७०५च्या सुमारास तिथून सात्सुमाला, म्हणजे आजच्या कागोशिमाला पोचलं. राखेच्या जमिनीत ते रुजलं आणि तिथल्या माणसांना त्याने दुष्काळात तारलं. बाकी जपान आजही रताळ्याला सात्सुमाचा कंद म्हणतो. तांदूळ महाग आणि रताळी मुबलक, म्हणून दारू रताळ्याची झाली. तिचं नाव इमो-शोचू. इमो म्हणजे कंद.

तिची कृती बारकाईने बघण्यासारखी आहे. आधी तांदूळ वाफवतात आणि त्यावर कोजी नावाची बुरशी पेरतात. दोनेक दिवसांत दाण्यांवर पांढरी लव चढते. ही बुरशी आपलं पोट भरण्यासाठी अमायलेज आणि ग्लुकोअमायलेज बाहेर सोडते. तांदूळ हा इथे अन्नापेक्षा एंझाइम पिकवण्याचं शेत असतो. त्यात पाणी आणि यीस्ट घालून पाच-सहा दिवस ठेवतात. मग रताळी येतात. ऑगस्ट ते डिसेंबर हा त्यांचा हंगाम. सरकत्या पट्ट्याजवळ उभ्या राहिलेल्या कामगारणी हातात सुरी घेऊन एकेका रताळ्याची टोकं छाटतात आणि डागी भाग काढतात, कारण किडकं रताळं दारूला कडवटपणा आणतं. साफ झालेली रताळी वाफवून, कुस्करून, तांदळाच्या सुमारे पाचपट वजनाने त्या आंबवणात मिसळतात. पुढचे आठ-दहा दिवस एकाच पिंपात दोन कामं चालतात. एंझाइम माळा तोडतं आणि यीस्ट सुटे मणी लगेच खाऊन टाकतं. साखर साचत नाही, त्यामुळे एंझाइमचा वेग मंदावत नाही आणि परक्या जिवाणूंनाही खायला काही उरत नाही.

कागोशिमाची हवा आपल्या कोकणासारखी, उष्ण आणि दमट. अशा हवेत आंबवण नासायला वेळ लागत नाही. त्यावर तोडगाही बुरशीनेच दिला. ओकिनावाची काळी कोजी सायट्रिक आम्ल पुष्कळ बनवते. त्या आंबटपणात नासवणारे जिवाणू टिकत नाहीत आणि तिचं ग्लुकोअमायलेज मात्र टिकतं. कावाची गेन्इचिरो या माणसाने १९२४मध्ये काळ्या कोजीतून पांढरा प्रकार निवडला, आणि आज शोचूमध्ये तोच सर्वाधिक चालतो. उष्ण प्रदेशात कंद आंबवायचा तर हा धडा आपल्या कामाचा आहे.

जपानी बुरशी जगाच्या बाजारात नेली ती ताकामिने जोकिचीने. आईचं माहेर साके गाळणाऱ्यांचं. १८९०मध्ये तो अमेरिकेला गेला, पिओरिया गावात व्हिस्कीवाल्यांसाठी सातूच्या मोडांऐवजी कोजी वापरण्याचे प्रयोग केले. मोड यायला आठवडा लागतो, गव्हाच्या कोंड्यावर बुरशी दोन दिवसांत तयार होते. सातूचे मोड विकणाऱ्यांचा विरोध झाला, कारखाना जळाला, व्हिस्कीचं ते स्वप्न तिथेच संपलं. १८९४मध्ये त्याने बुरशीपासून डायास्टेज काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि ते पचनाचं औषध म्हणून विकलं गेलं. आपल्याकडच्या पचनाच्या गोळ्यांचं पाकीट उलटून पाहा, ‘फंगल डायास्टेज’ असं छापलेलं सापडेल. ते त्याच घराण्यातलं.

आता पुन्हा साबुदाण्याकडे. मूळचा साबुदाणा सागो नावाच्या माडाच्या खोडातल्या गराचा, मलाया आणि इंडोनेशियाकडचा. आपण खातो तो कसाव्याच्या कंदाचा. कसावा हे ब्राझीलचं पीक; पोर्तुगीजांनी ते केरळात आणलं आणि त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८०च्या दशकात त्याच्या लागवडीला जोर दिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला तेव्हा केरळच्या गरिबांना याच कंदाने जगवलं. तिथे त्याला कप्पा म्हणतात आणि मासळीच्या कालवणाबरोबर खातात. तमिळनाडूत तोच मरवळ्ळी. त्याच महायुद्धाच्या काळात सेलमला त्यापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. तमिळमध्ये साबुदाण्याला जव्वरिसी म्हणतात. १९८१मध्ये कारखानदारांची सागोसर्व्ह ही सहकारी संस्था उभी राहिली, २०२३मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सेलम, नामक्कल, धर्मपुरी या पट्ट्याचा मोठा गिऱ्हाईक महाराष्ट्र आहे. आपल्या श्रावणाचा, नवरात्राचा, एकादश्यांचा हिशेब तिथला व्यापारी ठेवतो.

साबुदाण्याचा कारखाना समजायला आपल्या घरातली एकच गोष्ट पुरते: कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक. कंद धुवायचा, सोलायचा, काट्यांच्या रुळाखाली किसायचा, भरपूर पाण्याने चाळणीवर धुवायचा. पांढरं पाणी खाली जातं, ते हौदात निवळलं की तळाशी चीक बसतो. त्या ओल्या चिकाच्या गोळ्या हेलकावे देऊन वळायच्या, भाजायच्या किंवा वाफवायच्या आणि अंगणभर उन्हात पसरायच्या. कंद मात्र शेतातून निघाला की दोन-तीन दिवसांत आत निळ्याकाळ्या रेघा पडून खराब होतो, म्हणून कारखाने शेताला चिकटून. त्यातच एक गमतीची साखळी आहे. कसाव्यात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. कंद किसला की त्याचंच एक एंझाइम त्यावर तुटून पडतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. भरपूर धुणं, वाळवणं आणि भाजणं यांत ते निघून जातं. कंदात असं विष निर्माण करणारंही एंझाइमच असतं.

चाळणीच्या वर उरतो तो चोथा. तिथले लोक त्याला थिप्पी म्हणतात. तो वाळवून गुरांच्या खाद्यात जातो. या चोथ्यावरच मला बोलायचं आहे. वाळलेल्या थिप्पीत निम्म्याच्या आसपास स्टार्च शिल्लक असतो. कितीही धुतलं तरी तो येत नाही, कारण किसणीने सगळ्या पेशी फुटत नाहीत. न फुटलेल्या पेशींच्या भिंतींआड स्टार्चचे कण अडकून राहतात. पाण्याला ती भिंत फोडता येत नाही, एंझाइमला येते. सेल्युलेज आणि पेक्टिनेज या दोन एंझाइमांनी भिंत सैल करायची, मग अमायलेज आत शिरतं. तिरुअनंतपुरमला १९६३पासून असलेल्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेत कसाव्याच्या स्टार्चवर आणि या चोथ्यावर असं काम झालेलं आहे.

मोठ्या कारखान्यात कंदाचं रूपांतर कसं होतं तेही पाहू. किसलेला किंवा दळलेला कंद पाण्यात कालवून ८५ ते १०५ अंशांपर्यंत तापवतात. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचं अमायलेज एवढी उष्णता सोसतं. नाचणीचं कधीच मेलं असतं. पिठलं ढवळायचं थांबवलं की जसं आळतं, तसंच हे टाकीतलं मिश्रण आळू लागतं, आणि हजारो लिटरचं पिठलं आळलं तर पंप बंद पडतात. म्हणून आधी पातळ करणं महत्त्वाचं. तास-दोन तासांनी ते ६० अंशांवर आणतात, आंबटपणा वाढवतात, ग्लुकोअमायलेज घालतात. पुढचा दीड-दोन दिवस गोडी वाढत जाते. किंवा कागोशिमासारखं, यीस्ट त्याच टाकीत सोडून देतात. अलीकडे न शिजवताच कच्चा स्टार्च पोखरणारी एंझाइमंही मिळतात. त्यांनी इंधन वाचतं. एक टन स्टार्चला दोन्ही मिळून साधारण एक-दोन किलो द्रव एंझाइम लागतं. हे सगळं परदेशातूनच आणावं लागतं असंही नाही. एंझाइमं बनवणारी अ‍ॅडव्हान्स्ड एंझाइम टेक्नॉलॉजीज ही कंपनी ठाण्याची आहे आणि तिचा कारखाना सिन्नरला आहे.

आता हिशेब. १०० किलो स्टार्चपासून १११ किलो ग्लुकोज, त्यातून कागदावर सुमारे ५७ किलो म्हणजे ७२ लिटर अल्कोहोल. उरलेलं कर्बवायू होऊन उडून जातं. कसाव्यात २५ टक्के स्टार्च धरला तर एक टन कंदाचे १८० लिटर होतात. प्रत्यक्षात दीडशेच्या वर मिळाले तरी चांगलं. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर येतात. हा आकडा पाहून कंद उसाच्या दुप्पट वाटतो, आणि अशी वाक्यं भाषणांत ऐकूही येतात. पण एकरी ऊस कंदाच्या अडीच-तीनपट वजनाने निघतो, म्हणून एकराच्या हिशेबात ही आघाडी राहत नाही. शिवाय ऊस आपलं सरपण बरोबर घेऊन येतो. चिपाडं जाळून कारखान्याचा बॉयलर पेटतो. कंदाला तापवायचं, शिजवायचं, ऊर्ध्वपातन करायचं, तर इंधन बाहेरून. कंदाच्या बाजूने एकच भक्कम गोष्ट आहे. तो हलक्या जमिनीत, कमी पाण्यात येतो. मराठवाड्यात उसाने पाण्याचं काय केलं हे पाहिलेल्या माणसाला ती गोष्ट लहान वाटणार नाही.

जगात हे पीक इंधनाकडे आणि दारूकडे केव्हाच वळलं आहे. थायलंडमध्ये आणि चीनच्या क्वांग्शी प्रांतात कसाव्याचं इथेनॉल होतं. मोझांबिकमध्ये २०११ साली इम्पाला नावाची कसाव्याची बिअर बाजारात आली. तिथे अडचण कंद सडण्याचीच होती. त्यांनी कारखाना शेतापर्यंत नेला: ट्रेलरवर बसवलेली किसणी आणि चाळणी गावोगाव फिरायची, आणि कंदाऐवजी त्याचा टिकाऊ लगदा बिअरच्या कारखान्यात जायचा. सरकारने या बिअरवरचा कर कमी ठेवला. लहान शेतकऱ्याच्या कंदाला बाजार मिळाला. मला यातली बिअर महत्त्वाची वाटत नाही, ट्रेलर महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात इथेनॉलच्या कच्च्या मालात कसावा आला आणि खाण्यालायक न राहिलेले सडके बटाटेही आले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०२५मध्ये गाठलं गेलं, आणि त्यात धान्याचा, मुख्यतः मक्याचा, वाटा उसापेक्षा मोठा झाला. मका इंधनाकडे वळला की कोंबडीचं खाद्य महागतं हे पोल्ट्रीवाल्यांनी अनुभवलं. उद्या कसाव्याची पाळी आली तर ते साबुदाण्यात दिसेल, आणि केरळच्या मजुराच्या ताटात त्याहून आधी दिसेल. दुष्काळात माणसं जगवणारं पीक गाडीच्या टाकीसाठी पिकवायला मी तयार नाही. कोणी पाण्याचा मुद्दा पुढे केला तरी नाही.

रताळ्याचंही तेच. बेळगाव-खानापूरकडची रताळी, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण अश्विनी’ वाण, कोकणातल्या परसातली कणगर आणि करांदे, ही माणसांनी खायची पिकं आहेत. रताळ्याला तर विकतचं एंझाइम लागतही नाही. त्याच्यात बीटा-अमायलेज भरपूर असतं. साठेक अंशांना स्टार्चचे कण फुगू लागतात आणि ७५-८० अंशांच्या पुढे एंझाइम मरतं. या दोन आकड्यांच्या मधे रताळं जितका वेळ राहील तितकं गोड होतं. कुकरमध्ये ही मजल काही मिनिटांत संपते. निखाऱ्याशेजारच्या गरम राखेत ती तासभर चालते. चुलीतलं रताळं गोड लागतं याचं कारण आठवणींत शोधायची गरज नाही, ते राखेच्या तापमानात आहे.

टाकून दिलेल्या मालाची गोष्ट मात्र वेगळी आहे. शीतगृहातून बाहेर काढलेले, कोंब फुटून मऊ पडलेले बटाटे. वेफर्सच्या कारखान्यात काप धुतल्यावर वाहून जाणारं दुधाळ पाणी. सेलमची थिप्पी, जिथे चीक काढणारा कारखाना, पाणी आणि कामगार आधीच हजर आहेत. यातून कोणाच्या ताटातलं काही कमी होत नाही. या मालातला स्टार्च आज सांडपाण्यात जाऊन कुजतो, त्याने ओढे नासतात. सेलमच्या काही कारखान्यांनी सांडपाण्यावर बायोगॅस संयंत्रं बसवली, ती याच त्रासातून. थिप्पी गुरं खातात, तीही वाया जात नाही हे खरं. पण स्टार्च काढून घेतल्यावरही तंतू आणि यीस्टचं प्रथिन गुरांसाठी उरतंच. साखर सुटी झाली की तिचं इंधनच करायला हवं असंही नाही. लॅक्टिक आम्ल, व्हिनेगर, पावासाठीचं यीस्ट, सगळ्यांना हाच कच्चा माल चालतो. आणि ट्रेलरवरची किसणी मोझांबिकला जमली तर आपल्या कृषी विद्यापीठांना आणि कोल्हापूर-पुण्याच्या यंत्रकारांना न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कंदापासून इथेनॉल काढण्याचा कोणताही प्रकल्प मंजूर करताना आधी त्या भागातल्या चोथ्यात, सांडपाण्यात आणि सडक्या मालात किती स्टार्च जातो ते मोजा, आणि तो संपल्याशिवाय इंधनासाठी एक एकरही नवी लागवड करू नका. चमचाभर वाळलेली थिप्पी पाण्यात शिजवून तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला, की ती आजही निळीकाळी होते.